सोफा लग्नाला गेला

प्रविण गुरुजींना कुणाला नाही म्हणता येत नाही, हे अख्ख्या तलासरीला ठाऊक होतं आणि बहुतेकांच्या ते सोयीचंही होतं. मतदारयादीचं काम आलं की गुरुजी. पाड्यावर कुणाचा जातीचा दाखला अडला की गुरुजी. एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात झाड व्हायला पोर मिळेना, तेव्हा हेडमास्तरांनी नुसतं गुरुजींकडे बघितलं आणि गुरुजी दोन्ही हातांत आंब्याच्या डहाळ्या धरून नाटक संपेपर्यंत उभे राहिले. त्यांच्या बायकोला, म्हणजे वर्षाला, हा गुण लग्नाआधी फार आवडला होता. लग्नानंतर तिने त्याला जे नाव दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्षा आरोग्य केंद्रात सिस्टर. नर्सिंगच्या होस्टेलात तिच्या खोलीत असलेल्या दोघी, वाणगावची निलम आणि डहाणूची भारती, अजूनही जिवाभावाच्या. दोघींच्या घरी वर्षा कितीदा तरी जाऊन आली होती. दोघींकडे सोफे होते. वर्षा तिथे नेहमी अगदी कडेला, पाठ न टेकता बसायची आणि घरी आल्यावर गुरुजींना म्हणायची, "आपल्याकडे कुणी आलं तर टेकायला काय आहे? भिंत." घराचं बांधकाम तेव्हा चालू होतं, त्यामुळे भिंतसुद्धा अर्धीच होती. पुढे २०१८ च्या मार्चमध्ये घर पूर्ण झालं, रंग लागला, पंखे फिरले, आणि वर्षाने दोघींना फोन करून सांगून टाकलं की मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी या, घर बघायला या, जेवायलाच या. फोन ठेवला आणि हॉलमधल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघून म्हणाली, "त्याआधी सोफा. मी त्यांना या खुर्च्यांवर बसवणार नाही."

"नाही बसवायचं," गुरुजी म्हणाले. नाही म्हणण्याचा त्यांचा एवढाच सराव होता.

वर्षाच्या अटी तीन. सोफा मजबूत पाहिजे, देखणा पाहिजे आणि आपल्याला परवडला पाहिजे. ऐकायला यात काही वावगं नाही, पण जगात सोफे बनवणाऱ्यांनी आपसांत काहीतरी ठरवून ठेवलेलं असावं. डहाणूरोडच्या दुकानांत त्यांनी दोन शनिवार घालवले. जे सोफे देखणे होते ते बसलं की कुरकुरायचे आणि उठलं की पुन्हा कुरकुरायचे. जे मजबूत होते ते बँकेत पासबुक भरायला आलेल्यांना बसवतात तसल्या बाकांसारखे दिसायचे. एका दुकानात मात्र देखणा आणि मजबूत असा सोफा होता, पण दुकानदाराने भाव सांगायच्या आधी गुरुजींसाठी थंड पाणी मागवलं, तेव्हाच गुरुजी काय ते समजून उठले.

आता शेजारी. पलीकडच्या घरात दीपेशभाऊ राहतात. ते वीज मंडळात कामाला आहेत, पण विजेबद्दल सोडून बाकी सगळ्याची त्यांना माहिती असते. संध्याकाळी ते कुंपणापाशी आले आणि सोफा कसा घ्यावा यावर त्यांनी वर्ग घेतला. लाकडावर बोटाच्या पेराने वाजवायचं. उलटा करून पोट बघायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आवडला असं तोंडावर दिसू द्यायचं नाही. "तोंडावर दिसलं की भाव चढला म्हणून समजा. चेहरा कसा पाहिजे? नाराज." गुरुजींना ते पटलं. त्यांना सहसा सगळंच पटतं. रात्री जेवण झाल्यावर नवराबायको समोरासमोर बसून नाराज चेहऱ्याची तालीम करू लागले. वर्षाला ती फार सोपी गेली.

पुढच्या दुकानात गुरुजींनी चेहरा इतका मन लावून नाराज केला की दुकानदाराने काळजीने विचारलं, "साहेब, पोटात दुखतं का?" वर्षाला हसू आवरेना आणि ते दुकान तिथेच संपलं.

मग मोबाइलवर बघून झालं. मोबाइलवर तिन्ही अटी पुऱ्या करणारे सोफे ढिगाने होते. वर्षाने एक पसंत केला, रंग निवडला, गुरुजींना चार बाजूंनी दाखवला आणि शेवटी पिनकोड टाकला. कंपनीने कळवलं की या ठिकाणी आम्ही पोचत नाही. वर्षाने ते वाक्य मोठ्याने वाचलं. "पावसात ओढा ओलांडून मी लसीचा डबा घेऊन पाड्यावर पोचते," ती म्हणाली, "आणि यांना हायवेवरची तलासरी सापडत नाही." त्या कंपनीचं ॲप तिने त्याच क्षणी काढून टाकलं. कंपनीला कळलं की नाही कोण जाणे.

गावातल्या सुताराकडेही विचारून झालं. मिस्त्री गुणी माणूस, हात चांगला, लाकूड ओळखीचं. तो म्हणाला, "दिवाळीला देतो." कोणत्या दिवाळीला ते त्याने सांगितलं नाही आणि गुरुजींनी विचारलं नाही.

असं होता होता मे उजाडला. रविवार चार दिवसांवर आला, तेव्हा बुधवारी सुट्टी टाकून दोघं उंबरगावला गेली. गुरुजींचं मूळ गाव वेवजी, तिथून पुढे गेलं की गुजरात, आणि गुजरातेत सगळं स्वस्त मिळतं असं आमच्याकडे सगळे मानतात, गुजरातेत राहणारे सोडून. तिथे जसवंतभाईंच्या दुकानात, कपाटांच्या मागे, वर्तमानपत्रं पांघरून तो सोफा उभा होता. तीन माणसांचा. गडद लाकडाची चौकट, हात वळवलेले, पाठ उंच, तिच्या कडेने पितळी खिळ्यांची रांग, आणि कापड मोरपंखी. जसवंतभाईंनी वर्तमानपत्र ओढलं आणि वर्षाच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

"बेन, जुओ, प्युअर साग," जसवंतभाई म्हणाले. "पार्टीने ऑर्डर आपेली, पछी घेतला नाय. भाव मी तुम्हाला बराबर लावून देतो."

गुरुजींनी पेराने वाजवलं. मग ते गुडघ्यावर बसून सोफ्याचं पोट बघू लागले. पोटात काय बघायचं हे दीपेशभाऊंनी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी थोडा वेळ तिथे काढला. वर आले तेव्हा वर्षा सोफ्यावर बसलेली होती. पाठ पूर्ण टेकलेली, डोळे मिटलेले. नाराज चेहऱ्याचं तिने पार वाटोळं केलं होतं. गुरुजींना तिच्याकडे बघून असं काही वाटलं की भावात घासाघीस करायची ते विसरूनच गेले, आणि जसवंतभाईंनी, आश्चर्य म्हणजे, भाव खरंच वाजवी लावला. पक्कं बिल दिलं. टेम्पोही मिळाला, वेवजीचाच. चालवणारा शुक्रा गुरुजींचा जुना विद्यार्थी निघाला. सगळं इतकं सुरळीत झालं की गुरुजींना आतून बेचैन वाटायला लागलं.

सीमेवर वनखात्याची एक लहानशी चौकी होती. तिथला गार्ड पुढे आला, टेम्पोला एक चक्कर मारली, सोफ्यावर हात फिरवला.

"कशाचा आहे?"

आता इथे शहाण्या माणसाने "लाकडाचा" एवढंच म्हणावं आणि पुढे जावं. पण वर्षा केबिनमधून खाली उतरली होती. "सागाचा," ती अभिमानाने म्हणाली. "प्युअर."

"सागाचा असेल तर वाहतुकीचा पास पाहिजे. पास आहे?"

गुरुजींनी तिला बाजूला घेतलं. "अगं, नाही म्हण ना. साधं लाकूड आहे म्हण."

"का म्हणू? महिनाभर मी मजबूत सोफा शोधते. आता मिळाला तर खोटं बोलू?" ती गार्डकडे वळली. "दादा, सागच आहे. वाजवून बघा."

गार्डने वाजवून बघितलं. गुरुजींनीही, कुणी सांगितलेलं नसताना, पुन्हा एकदा वाजवलं. शेवटी गार्ड म्हणाला की वनपाल साहेब जेवायला गेलेत, ते येऊन काय ते सांगतील. झाडाखाली टेम्पो उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. वर्षा टेम्पोत चढून सोफ्यावर जाऊन बसली, थोड्या वेळाने गुरुजी बसले, मग शुक्रा हात पुसून अगदी कडेला टेकला. उंबरगावहून येणाऱ्या मोटरसायकली हळू व्हायच्या, तिघांकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. एकाने तर नमस्कार केला. गुरुजींनी तोही परत केला.

वनपाल साहेब आले, त्यांनी बिल वाचलं आणि गार्डला म्हणाले, "अरे, दुकानातलं तयार फर्निचर आहे. बिल बघायचं आणि सोडायचं." एवढं झालं. पण दुपार त्यात गेली होती, आणि त्या गेलेल्या दुपारीनेच पुढचा घोटाळा केला. वेळेवर निघाले असते तर वेवजीत सगळे मांडवामागे जेवत असते आणि टेम्पो कुणाला दिसला नसता.

कारण वेवजीत त्या दिवशी गुरुजींच्या सुकऱ्या काकांच्या घरी लग्न होतं. काकांचा मुलगा धाकल्या याची हळद झाली होती, संध्याकाळी लग्न. गुरुजी आणि वर्षा त्या लग्नाला यायचेच होते, सोफा घरी टाकून, कपडे बदलून. रस्ता मात्र काकांच्या दारावरूनच जातो. दुपार उतरलेली, अख्खा पाडा मांडवात, आणि मांडवाच्या मधोमध जिथे नवरानवरी बसायची तिथे काहीच नव्हतं. डेकोरेशनवाल्याने राजाराणीची खुर्ची एकाच दिवशी दोन लग्नांना कबूल केली होती आणि ती दुसरीकडे गेली होती. सुकऱ्या काका रस्त्यावर उभे राहून त्याला फोनवर काहीबाही बोलत होते. तेवढ्यात समोरून, पितळी खिळे चमकवत, मोरपंखी सोफा आला.

काकांनी फोन कानापासून काढला.

इथे पाड्यावरची रीत सांगायला हवी. लग्नाच्या दिवसांत मोठी वस्तू कुणा एकाची नसते. टोप, ताडपत्री, खाट, कुणाचा स्पीकर, कुणाची बैलगाडी, सगळं त्या घरी जातं आणि काम झालं की परत येतं. देतोस का असं कुणी विचारत नाही. कधी नेऊ, एवढंच विचारतात. खुद्द गुरुजींच्या लग्नात अर्ध्या वेवजीची भांडी होती. त्यामुळे काका टेम्पोपाशी आले तेव्हा त्यांनी मागितलं असं काही झालंच नाही. ते नुसतं म्हणाले, "बेस झाला, पोऱ्या. येळेवर आणलास." चार पोरं टेम्पोत चढली सुद्धा.

गुरुजींनी वर्षाकडे बघितलं. वर्षाने समोरच्या काचेकडे बघितलं. सासरच्या सगळ्या बाया मांडवातून तिच्याकडे बघून हसत होत्या. सून काय बोलणार?

"उद्या दुपारी घरी पोचेल," गुरुजी हळूच म्हणाले.

"पोचलाच पाहिजे," वर्षा त्याहून हळू म्हणाली.

धाकल्याचं लग्न छान झालं. सोफा फारच शोभला. वर्षा स्वतः मधूनमधून जाऊन कापडावरच्या अक्षता झाडत होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी टेम्पो काही आला नाही, काकांचा फोन आला. धाकल्याची बायको उधव्याची. तिच्या माहेरच्या पाड्यावर शुक्रवारी एक लग्न, रविवारी एक. व्याह्यांनी सोफा बघितला, त्यांना आवडला, त्यांनी रात्रीच नेला. "व्याह्यांना नाय कसा म्हणायचा?" काका म्हणाले. नाही म्हणता न येणं हे गुरुजींच्या घराण्यातच होतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

वर्षा भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिने हॉल झाडला, पुसला, सोफ्याच्या जागी चटई अंथरून मोजमाप धरलं आणि त्या चटईवर कुणाला पाय ठेवू दिला नाही. गुरुजी भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. शुक्रवारी संध्याकाळी दीपेशभाऊ कुंपणापाशी मोबाइल घेऊन आले. कुणीतरी लग्नाचे फोटो पाठवले होते. "गुरुजी, हा तुमचाच ना? मी खिळ्यांवरून ओळखला." वर्षाने मोबाइल हातात घेतला आणि फोटो मोठा केला. नवरी बाजूला सरकली, नवरा बाजूला सरकला, सोफ्याचा हात समोर आला. हातावर हळदीचा पंजा उमटलेला होता.

तिने मोबाइल परत केला. आत आल्यावर पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "माझ्या घरी यायच्या आधी सगळा तालुका त्याच्यावर बसला," ती म्हणाली. "मी मागितलं काय होतं हो तुमच्याकडे? दोन मैत्रिणी येणार, त्यांनी एकदा माझ्या घरात नीट टेकून बसावं. एवढंच ना?"

"उद्या जाऊन आणतो."

"उद्या तुम्हाला पंचायतीत ट्रेनिंग आहे, आणि त्यालाही तुम्ही हो म्हटलंय. रविवारी सकाळी मी येते बरोबर. तुम्ही एकटे गेलात तर तिथे जेवून, आहेर देऊन, हात हलवत परत याल."

हे खरं असल्यामुळे गुरुजींना फार लागलं.

रविवारी सकाळी शुक्राचा टेम्पो घेऊन दोघं उधव्याला निघाली. निलम आणि भारती अकरापर्यंत तलासरीत उतरणार होत्या. डाळ शिजवून ठेवली होती, कोंबडी मसाला लावून ठेवली होती. हिशोब असा की सकाळचं लग्न नऊला लागेल, साडेनऊला सोफा उचलायचा. लग्नाची वेळ पत्रिकेवर छापतात ती देवाला कळावी म्हणून, माणसांनी ती मनावर घ्यायची नसते, हे गुरुजींना इतक्या लग्नांनंतर माहीत असायला हवं होतं. टेम्पो पोचला तेव्हा नवऱ्याकडची माणसं अजून निघाली नव्हती.

मांडव आंब्याच्या पानांनी बांधलेला. मागे जाळीचा पडदा, पुढे सोफा. त्याच्यावर कुणी नव्हतं. तेव्हा उचलला असता तर कामच झालं असतं, आणि वर्षा नेमकी तेवढ्यासाठी कंबर कसून आत शिरली.

ज्या घरी लग्न होतं त्या घरची भिकी, नवरीची आई, हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. नवरा गेलेला, एकटीने पोर वाढवलेली बाई. तिने वर्षाचं मनगट धरलं.

"सोफावाली बाय तू ना?"

वर्षाने तोंड उघडलं.

"आमच्या दारात येव्हढा भारी सामान कधी आला नव्हता," भिकी म्हणाली. "माझी हिरी त्याच्यावर बसल. सकाळपासून तीनदा धुतला मी त्याचा हात. हळद जात नव्हती, लिंबू लावला, गेली." आणि तिने वर्षाला त्या सोफ्यावर नेऊन बसवलं.

बाया जमल्या. त्यातल्या काहींनी वर्षाला ओळखलं. तिने बदलीच्या काळात एक वर्ष याच भागात लसीकरण केलं होतं. तेव्हा ती नाक्यावर दिसली की पाड्यावर आरोळी जायची, सुईवाली आली, आणि पोरं रानात पळायची, त्यांच्या मागे त्यांच्या आया, आयांना परत आणायला म्हणून बाप. वर्षा बंद दारांपुढे डबा घेऊन उभी राहायची. आज त्याच बायांनी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, पायाशी चटई टाकली, आणि एक पोर, तेव्हा रानात पळणाऱ्यांतलंच असेल, तिच्या शेजारी येऊन पितळी खिळे मोजू लागलं.

गुरुजी मांडवाच्या खांबाआडून बघत होते. आता बोलेल, मग बोलेल. वर्षाने नुसतं सोफ्याच्या हातावर बोट फिरवलं. हळद खरंच गेली होती. मग आतून हिरी आली, हळदीने पिवळी, घाबरलेली, आणि सोफ्यावर अगदी कडेला, पाठ न टेकता बसली.

"अशी काय बसतेस?" वर्षा म्हणाली. "मागे सरक. टेक पाठ. टेक गं, मोडत नाही तो." आणि तिने स्वतः त्या पोरीचे खांदे धरून तिला मागे टेकवलं.

तेवढ्यात फोन वाजला. निलम आणि भारती तलासरीच्या नाक्यावर उभ्या होत्या, घराचा रस्ता विचारत होत्या. वर्षाने हिरीकडे बघितलं आणि एका दमात सांगितलं, "घरी नका जाऊ. उधव्याची जीप पकडा. माझ्या सोफ्यावर लग्न लागतंय, बघायला या."

त्या आल्या, कडक इस्त्रीच्या साड्यांत, हातात मिठाईचा खोका. आधी जरा बावरल्या. नवऱ्याकडची माणसं एक वाजता आली. लग्न लागेपर्यंत भारती चटणी वाटायला बसली होती, आणि तारपा वाजू लागल्यावर निलम, जी वाणगावात शिस्तीची म्हणून प्रसिद्ध आहे, ती बायांच्या कमरेत हात घालून रांगेत नाचत होती. गुरुजी जेवले, आहेर दिला. वर्षा म्हणाली होती तसंच झालं, फक्त या वेळी ती स्वतः त्यांच्या शेजारी जेवत होती आणि वालाची भाजी दुसऱ्यांदा मागत होती.

चार वाजता नवरानवरी उठली. सोफा टेम्पोत चढला. उभं राहून जायचं कशाला, म्हणून तिघी मैत्रिणी त्याच्यावर बसल्या, वर्षा मध्ये. भिकीने टेम्पो निघेपर्यंत वर्षाचा हात सोडला नाही. गुरुजी पुढे शुक्राजवळ बसले. मागून तिघींचं हसणं ऐकू येत होतं. आरशात बघितलं तर तिघींनीही पाठ टेकली होती, नीट, आणि रस्त्याकडेची माणसं थांबून बघत होती. गुरुजींना फार दिवसांनी मोकळं वाटलं. आता घरी जाऊ, सोफा चटईच्या जागी ठेवू, चहा करू, आणि झालं.

तलासरीच्या अलीकडे फाट्यावर एक माणूस रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा होता. शुक्राने गाडी थांबवली. लाहू होता, ओळखीचाच, गुरुजींच्या शाळेजवळच्या पाड्यावरचा.

"गुरजी," खिडकीशी येऊन तो म्हणाला, "भाचीचं लगीन हाय. सोफा कधी नेऊ?"

शुक्राने गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी आरशात बघितलं. मग त्यांनी काचेवर हात ठेवला, घसा साफ केला. त्यांना घाम फुटला होता. हॉलमधली रिकामी चटई त्यांच्या डोळ्यांपुढे आली, वर्षाचा तो हललेला आवाज आठवला, आणि ते म्हणाले, "नाही. सोफा मिळणार नाही, लाहू."

लाहूला ते कळलंच नाही. तो तसाच उभा राहिला. शुक्राने स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले. खुद्द गुरुजींनाही आपण काय बोललो याचा अंदाज येत नव्हता, पण आता बोललो तर बोललो, असं म्हणून त्यांनी हनुवटी वर केली.

केबिनच्या मागच्या पत्र्यावर थाप पडली.

"कुणाचं लग्न?" मागून वर्षाने विचारलं.

"भाचीचं, बाय," लाहू मागे धावला. "येत्या गुरवारी."

"मग बुधवारी संध्याकाळी या. शुक्रवारी सकाळी परत आणून द्यायचा. कापडावर चादर घालायची, हळद लागलेला हात ठेवायचा नाही."

"बरं बाय."

"आणि तुमच्या पाड्यावरची पोरं मला सुईला येत नाहीत. मंगळवारी सगळी केंद्रात आणायची, एकही रानात पळालेलं मला चालणार नाही. मग सोफा."

"आणतो बाय. पकडून आणतो."

"तुमच्या पोरालाही."

"त्याला आधी आणतो."

लाहू हात जोडून बाजूला झाला. मागे निलम काहीतरी म्हणाली आणि तिघी पुन्हा हसायला लागल्या. शुक्राने गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींनी नाही म्हटलं होतं, त्यासाठी घाम गाळला होता, आणि गाडी गिअरमध्ये पडायच्या आत ते मोडीत निघालं होतं.

बराच रस्ता गेल्यावर शुक्रा हळूच म्हणाला, "गुरजी, तुमी नाय म्हटलात ते मी ऐकलंय हां. कुनी इचारलं तर मी सांगन."